कुप्या किती आहेत?

दिवाळी तोंडावर आली की जुन्नर-आंबेगावात उसाचे दिवस सुरू होतात. विघ्नहर आणि भीमाशंकर या दोन्ही कारखान्यांकडे ऊसतोड कामगारांच्या टोळ्या येऊ लागतात, फडांच्या कडेला त्यांच्या कोप्या उभ्या राहतात. रात्रीच्या लायटीवर पाणी भरणारा शेतकरी बॅटरी घेऊन बांध धरतो. त्याच्या मनात बिबट्या असतो, पण पायाखाली घोणस असते. बिबट्याने माणूस मारला तर पेपरात पहिल्या पानावर बातमी येते. रात्री कुणाला पान लागलं तर ती बातमी गावाच्या वेशीवरच विरते. देशात सर्पदंशाने वर्षाला सरासरी 58 हजार माणसं दगावतात, असा 2000 ते 2019 या काळाचा अंदाज आहे.

शासनाच्या लेखी या दोन मरणांची किंमतही वेगळी. बिबट्याच्या हल्ल्यात मृत्यू झाला तर वनखात्याकडून 25 लाख मिळतात. साप चावून शेतकरी गेला तर गोपीनाथ मुंडे योजनेतून दोन लाख. रकमेवर वाद घालता येईल, पण मला सलते ती गोष्ट दुसरीच. दोन्ही ठिकाणी सरकारचा हात पोहोचतो तो तेराव्यानंतर. आरोग्याला हक्क म्हणायचं, तर तो पहिल्या तासाला मिळायला हवा.

कायद्यात त्याला आधार आहे. बंगालमध्ये रेल्वेतून पडलेल्या एका शेतमजुराला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी खाट नाही म्हणून परत पाठवलं. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की वेळेवर तातडीचा उपचार न देणं हा कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचा भंग आहे आणि पैशाची अडचण ही सबब चालणार नाही. राजस्थानने 2023 मध्ये आरोग्य हक्काचा कायदाच केला. महाराष्ट्रात तसा कायदा अजून नाही. पण तो होईपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं कारणही नाही. 73 व्या घटनादुरुस्तीने आलेल्या अकराव्या अनुसूचीत आरोग्य, दवाखाने आणि प्राथमिक आरोग्य केंद्रं हा विषय पंचायतींच्या यादीत तेविसावा आहे.

मग दाद कुणाकडे मागायची? इथे खरी गोम आहे. उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचं. ग्रामीण रुग्णालय आणि मंचरचं उपजिल्हा रुग्णालय राज्याच्या आरोग्य खात्याचं. 108 ची गाडी ठेकेदाराची, आशाताईचा मोबदला राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा, पश्चिमेच्या आदिवासी पट्ट्याचा निधी आदिवासी विकास खात्याचा, रात्रीची लाइट महावितरणची. प्रत्येकाकडे दुसऱ्याचं नाव तयार. त्यात मार्च 2022 मध्ये मुदत संपल्यावर जिल्हा परिषदेचा कारभार तीन वर्षांहून जास्त काळ प्रशासकाच्या हाती गेला. कोविडमधून नुकत्याच सावरलेल्या जिल्ह्यात आरोग्य समितीच्या बैठकीत उठून प्रश्न विचारणारा निवडून आलेला माणूसच उरला नाही. निवडणुका लांबल्याची चर्चा आपण तिकिटांपुरती केली. दवाखान्यांच्या अंगाने कुणी केली नाही.

पुणे-नाशिक महामार्गावर मंचर, नारायणगाव, आळेफाट्याला खासगी दवाखान्यांच्या पाट्या वाचत जाता येतं. नारायणगावच्या डॉ. सदानंद राऊत यांच्यासारख्यांनी सर्पदंशावर वर्षानुवर्षे उपचार केले, गावोगाव प्रबोधन केलं. पण डिंभे आणि माणिकडोहच्या मागे, आहुपे-तळेघर, इंगळूण-आपटाळे या बाजूला महादेव कोळी, ठाकर, कातकरी वस्त्यांना चित्र उलटं दिसतं. धरणाचं पाणी कालव्याने पूर्वेला गेलं, दवाखानेही तिकडेच उभे राहिले. आदिवासी भागात 20 हजार लोकसंख्येला एक प्राथमिक केंद्र, हा नियम. त्यात डोकी मोजली जातात, घाट मोजला जात नाही. विषारी दंशात सुरुवातीलाच प्रतिविषाच्या आठ-दहा कुप्या लागू शकतात, आणि नाग-मण्यारच्या दंशात श्वास थांबला तर कुप्यांच्याही आधी कृत्रिम श्वासाची सोय हवी. जीपगाडी मिळेपर्यंत, ती घोडेगावच्या रुग्णालयात उतरेपर्यंत किती वेळ जातो ते तिथल्या माणसाला विचारा.

याच पट्ट्यात अनुसूचित क्षेत्रासाठीचा पेसा कायदा लागू आहे. 2015 पासून आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के निधी थेट ग्रामपंचायतीला मिळतो आणि आरोग्यावर खर्च करायला त्यात मुभा आहे. या पैशातून डॉक्टर नेमता येणार नाही, हे खरं. पण उपकेंद्राला सोलर, रात्री पाड्यावरून पेशंट खाली न्यायला ठरवलेली गाडी, तिचं भाडं, आशाताईला चांगली बॅटरी आणि गमबूट, एवढं ग्रामसभा ठरवू शकते. आपला कल मात्र पेव्हर ब्लॉककडे. उद्घाटनाची फीत गमबुटाला बांधता येत नाही ना! प्राथमिक केंद्राच्या दारात आज सर्पदंशावरच्या प्रतिविषाच्या किती कुप्या शिल्लक आहेत याचा फळा लावा, असा ठराव करायला तर एक रुपयाही लागत नाही. धनत्रयोदशीला धन्वंतरीचा फोटो पुसतानाच तो फळाही पुसून नवा आकडा लिहिता येईल.

राहिले कोप्यांतले लोक. मराठवाड्यातून, नगरकडून आलेली ही कुटुंबं इथल्या मतदारयादीत नाहीत, म्हणून ग्रामसभेत नाहीत. फडात वाकणारी गरोदर बाई आणि उघड्यावर झोपणारी तिची पोरं सर्पदंशाला सर्वांत जवळची आणि लसीकरणाच्या यादीपासून सर्वांत लांब. मोळी टाकण्याच्या कार्यक्रमात कारखान्यांचे संचालक, सरपंच, पुढारी सगळे एका मांडवात येतात. यंदा तिथे तालुका आरोग्य अधिकाऱ्यांनाही बोलवा, आणि टोळ्यांची माणसागणिक यादी, कोप्या कुठल्या शिवारात आहेत त्यासकट, तिथेच त्यांच्या हाती द्या.