लेथला डीआरओ बसवताना



आमच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये साडेचार फुटी लेथ आहे, हे या सदराच्या जुन्या वाचकांना ठाऊक आहेच. कारखाना सुटला तेव्हा हाती आलेल्या पैशातून ती घेतली. पंजाबातल्या बटाल्याची बनावट, आमच्याकडे आली तेव्हाच दोन मालक पाहिलेली. भोसरीच्या लहान कारखान्यांतून पिना, बुश, शाफ्ट असे जॉब येतात आणि त्यावर आमचे घर चालते.

गेल्या उन्हाळ्यात एका पार्टीने बारा शाफ्टचा लॉट दिला. बेअरिंग बसण्याची जागा २५ मिलिमीटरची. त्यातले तीन शाफ्ट ०.४ मिलिमीटरने बारीक झाले. माप जास्त राहिले तर आणखी एक कट घेता येतो, कमी झाले की ते भंगार. मटेरियल पार्टीचे होते, त्याची किंमत आमच्या मजुरीतून कापली गेली. ते एक वेळ सोसले असते. पण माल तपासणारा तरुण म्हणाला, "काका, आता डोळे तपासून घ्या." तीस वर्षे टर्नर म्हणून काम केलेल्या माणसाला हे वाक्य किती लागते, ते टर्नरच जाणे.

डोळे तपासले. चष्म्याचा नंबर वाढला होता हे खरे. पण दोष एवढाच नव्हता. आमची मुलगी आयटीआयमध्ये मशिनिस्टचा कोर्स करून एका टूलरूममध्ये लागली आहे. तिने रविवारी क्रॉस स्लाइडला डायल इंडिकेटर लावला, हँडल उलटे फिरवले आणि म्हणाली, "बाबा, इकडे बघा. चार रेषा मागे आलात, पण काटा हललाच नाही."

आमच्या डायलची एक रेष म्हणजे ०.०५ मिलिमीटर. चार रेषा म्हणजे ०.२. स्क्रू आणि नट झिजून त्यांच्यात जी मोकळीक पडते, जिला आपण शॉपमध्ये प्ले म्हणतो, तेवढी सगळी तिनेच गिळली होती. त्या तीन शाफ्टना आम्ही हँडल थोडे जास्त फिरवले, चूक लक्षात येताच चार रेषा मागे घेतले आणि कट चालू केला. डायल मागे आली, टूल होते तिथेच राहिले. स्लाइड ०.२ जास्त आत म्हणजे व्यास ०.४ कमी. अगोदर एक पूर्ण फेरा मागे जाऊन मग पुढे यायचे, हा धडा आम्ही कितीतरी अप्रेंटिसना दिला आहे! घाईत स्वतःच विसरलो.

मुलीने सुचवले की डीआरओ बसवू या. डीआरओ म्हणजे मशीनच्या स्लाइडला मोजपट्टी लावून तिचा आकडा डिस्प्लेवर दाखवणारे साधन. आमच्या घरातील मंडळींनी लगेच विचारले, "आकडा दिसेल, पण काम वाढेल का?" पैसे बचत गटातून उचलायचे होते आणि हप्ता त्यांच्या नावावर पडणार होता, तेव्हा विचारण्याचा हक्क त्यांचाच. काम वाढेल असे आम्ही म्हणालो नाही. भंगार कमी होईल एवढेच म्हणालो.

याचे कारण समजून घ्यावे. डायल सांगते ती स्क्रू किती फिरला ते. डीआरओ सांगतो ती स्लाइड प्रत्यक्ष किती सरकली ते. काचेच्या पट्टीवर साधारणपणे ०.०२ मिलिमीटर अंतराने बारीक रेषा कोरलेल्या असतात. रीडर हेडमधला छोटा दिवा त्यांतून उजेड टाकतो आणि पलीकडचे सेन्सर उजेड-अंधार मोजतात. सेन्सरच्या दोन जोड्या पाव अंतराने पुढे-मागे असल्यामुळे सरकण्याची दिशा कळते आणि एका अंतराचे चार भाग पडतात. म्हणून अशा पट्टीचा आकडा ०.००५ ने हलतो. मधल्या स्क्रूची झीज हिशेबात येतच नाही. फेरे मोजत बसायला नको, पुसट डायलवर बॅटरी मारायला नको.

आता बसवण्याचे. किट आले त्या दिवशी ड्रिल हातात घेण्याची आम्हाला फार घाई झाली होती. मुलीने अडवले. आधी गिब पट्ट्या आवळून स्लाइडची डगडग काढली, कारण डगडगणाऱ्या स्लाइडला पट्टी लावली तर तीच डगडग आकड्यात दिसते. मग पट्टीच्या मापाचे पुठ्ठे कापले, सुतळीने मशीनला बांधले आणि कॅरेज, क्रॉस स्लाइड, टेलस्टॉक सगळे टोकापासून टोकापर्यंत फिरवून पाहिले. या पुठ्ठ्याने आमची एक मोठी चूक वाचवली. क्रॉस स्लाइडची पट्टी चकच्या बाजूला लावली तर चक आडवे येते आणि गरम चिप्सही तिथेच उडतात, म्हणून ती टेलस्टॉकच्या बाजूला. पण तिथे कॅरेज लॉक करायचा बोल्ट पट्टीखाली झाकला जात होता. बोल्ट बदलून खालून पाना लागेल असा केला. टेलस्टॉक आता पूर्वीइतका जवळ येत नाही, त्यामुळे बारीक जॉबला सेंटर लावताना टूल थोडे जास्त बाहेर काढावे लागते. हे नुकसान आहेच, ते लपवून उपयोग नाही. बारीक अंगाची पट्टी मिळते, ती घेतली असती तर बरे झाले असते.

पट्टीची लांबी स्लाइडच्या चालीपेक्षा जास्त हवी, दोन्ही टोकांना जागा सुटेल एवढी. चाल जास्त आणि पट्टी आखूड झाली तर रीडर हेड टोकाला आदळते आणि पट्टी कामातून जाते.

लांब पट्टी बेडच्या मागे लावली. तिथले कास्टिंग खडबडीत, कुठे फुगलेले, कुठे दबलेले. म्हणून पट्टी थेट न ठोकता दोन्ही टोकांना जाड पत्तीचे तुकडे घेतले. प्रत्येकी दोन बोल्ट आवळण्यासाठी आणि चार ग्रब स्क्रू उचलण्यासाठी. कॅरेजवर मॅग्नेटिक स्टँड ठेवून डायल इंडिकेटरचा काटा पट्टीच्या अंगावर टेकवला आणि कॅरेज या टोकापासून त्या टोकापर्यंत नेली. एकदा वरून, एकदा समोरून. फरक ०.१ मिलिमीटरच्या आत येईपर्यंत ग्रब स्क्रू फिरवत राहायचे. याच कामाला आमचा अख्खा दिवस गेला. भोके पाडणे त्यामानाने सोपे. कास्ट आयर्नला तेल न घालता ड्रिल चालते, काळी भुकटी पडते. ती बेडवर पडू नये म्हणून जुनी चादर पसरली होती. टॅप मात्र सरळ उभा धरावा. तिरपा टॅप मोडला तर तो काढण्यात दुसरा दिवस जातो.

रीडर हेड पट्टीशी जुळवून ठेवणाऱ्या क्लिपा किटमध्येच बसवून येतात. हेड ब्रॅकेटला पक्के होईपर्यंत त्या काढू नयेत. ब्रॅकेटने हेडला ओढता किंवा दाबता कामा नये. बोल्ट आवळताना हेड जरासे हलले तर पत्तीचा शिम घालावा, जबरदस्ती करू नये. हेड आणि पट्टी यांच्यातली फट आमच्या किटच्या कागदात साधारण १ मिलिमीटर दिली होती. पट्टीचे रबरी ओठ खाली किंवा कूलंटपासून दूर राहतील असे बघावे आणि वर अॅल्युमिनियमचे कव्हर घालावे. केबलला ढील ठेवावी. डिस्प्लेची अर्थिंगची वायर मशीनच्या अंगाला जोडावी. आमच्याकडे ती जोडण्याआधी मोटर चालू करताच आकडे नाचत होते. डिस्प्ले अशा जागी टांगावा की बटण दाबायला फिरत्या चकवरून हात न्यावा लागणार नाही. बाहीचे शर्ट घालून काम करणाऱ्या पोरांच्या घरी तर हे आधी बघा.

सगळे बसल्यावर क्रॉस स्लाइडचा आकडा व्यासावर लावून घेतला. स्लाइड १ मिलिमीटर सरकली की आकडा २ ने हलला पाहिजे. इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. पट्टी ०.००५ ची असेल तर व्यासाचा आकडा ०.०१ ने उडतो. ज्यांना बेअरिंग फिटचेच काम जास्त, त्यांनी आडव्या स्लाइडला एक मायक्रॉनची पट्टी घ्यावी. आम्ही पैशाकडे पाहून साधी घेतली. शेवटचा कट मायक्रोमीटरवरच ठरवतो.

आणि आकडा बरोबर म्हणजे जॉब बरोबर, असे समजू नये. वरची टॉप स्लाइड हलवली तर आमच्या दोन अक्षांच्या डीआरओला पत्ताच लागत नाही, म्हणून ती आता आवळून ठेवलेली असते. बेड चकजवळ झिजलेला असेल तर शाफ्ट टेपर होतोच. टूल बोथट असेल तर जॉब टूलला ढकलतो. जॉब गरम असेल तर तो मोठा मोजला जातो. १०० मिलिमीटर व्यासाचे पोलाद २० अंशांनी तापले की सुमारे ०.०२३ मिलिमीटर फुगते. जेवणाच्या सुट्टीनंतर मोजले तर तोच जॉब बारीक निघतो आणि मग मशीनला शिव्या.

त्याच पार्टीचा पुढचा लॉट आला. पहिल्या शाफ्टवर हलका कट घेतला, मायक्रोमीटरने मोजले, तो व्यास डिस्प्लेमध्ये भरला. त्यानंतर डायलकडे पाहिलेही नाही. बाराच्या बारा पास झाले. माल तपासणाऱ्या तरुणाने चहा मागवला, चष्म्याचा विषय काढला नाही. आम्हीही काढला नाही.

बचत गटाचे पाच हप्ते गेले, सात बाकी आहेत. वीज गेली की पुन्हा येईपर्यंत कुठल्याही हँडलला हात लावायचा नाही, हा घरातला नवा नियम. आमचा डिस्प्ले शेवटचा आकडा लक्षात ठेवतो, पण दिवे नसताना स्लाइड हलली तर त्याला कळत नाही. धाकट्याने मागच्या मंगळवारी अंधारात क्रॉस स्लाइड फिरवली, आणि एक बुश वाया गेला. त्याची किंमत त्याच्याच खाऊच्या पैशातून कापावी, असा त्याच्या ताईचा आग्रह आहे. निर्णय अजून व्हायचा आहे.