मधला माणूस

मध्यस्थ ह्या जातीविषयी माझे मत लहानपणापासून फारसे बरे नाही. घर दाखवणारा दलाल आपल्याला हवी ती जागा सोडून बाकी सगळ्या जागा दाखवतो, आणि लग्न जमवणाऱ्या काकू मुलाची उंची नेहमी चपलांसकट सांगतात, हा आमच्या घराण्याचा जुना अनुभव. त्यामुळे गेल्या वर्षी नोकरी जमवणाऱ्या मध्यस्थांचा आमच्या संसारात शिरकाव झाला, तेव्हा मी मनातून सावध होते. सावध असूनही चुकायचे ते सगळे चुकलेच. गेल्या दिवाळी अंकात ह्याच जागी मी फराळाच्या डब्यांविषयी मोठ्या खुशीत लिहिले होते. घरात त्या वेळी काय चालले होते, ते लिहायचा धीर तेव्हा नव्हता.

माझे यजमान चाकणच्या बाजूला मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागाचे प्रमुख होते. एकवीस वर्षे. मालकी बदलली, नव्या मालकांनी दोन कारखान्यांचे दोन विभाग एक केले, आणि दोन प्रमुखांपैकी एक जास्त झाला. जून २०२४ मध्ये पत्र आले. आपली ‘जागा’ रद्द होत आहे, असे त्यात लिहिले होते. आपण रद्द होत आहात, असे नव्हते. मी मराठीची प्राध्यापिका असल्यामुळे हा फरक मला कळतो. पण सकाळी पावणेसातला कंपनीची बस चौकात येऊन थांबे आणि हे चहाचा कप हातात घेऊन गॅलरीतून तिच्याकडे बघत उभे राहत, तेव्हा तो फरक त्यांना समजावून सांगणे माझ्याने झाले नाही. मुलगी बारावीत, घराचे हप्ते सहा वर्षांचे बाकी, आणि ह्यांचे वय ४८.

‘आता सगळ्या नोकऱ्या कन्सल्टंटकडूनच होतात,’ असे जो तो सांगू लागला. ह्या कन्सल्टंटांना इंग्रजीत ‘हेडहंटर’ असेही म्हणतात. मी सवयीने त्याला मराठी प्रतिशब्द शोधू लागले. ‘शिरशोधक’ हा बरा वाटला. ‘मुंडकेमार’ अधिक अचूक होता, पण घरातले वातावरण बघून मी तो मनातच ठेवला.

पहिला फोन आला तो दिवस मला आठवतो. बंगळूरहून कोणी मुलगी बोलत होती. आवाजावरून वय तेवीस-चोवीस. सध्याचा पगार किती, अपेक्षा किती, किती दिवसांत रुजू व्हाल, गाव बदलायची तयारी आहे का? चार प्रश्न, चार उत्तरे, आणि शेवटी ‘प्रोफाइल खूप छान आहे, सर.’ एवढ्यावर आमच्या घरी शिरा झाला. सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. हे दुसऱ्या दिवशी फोन खिशात घेऊनच अंघोळीला निघाले, तेव्हा मी तो काढून घेतला आणि स्वतः हातात धरून दाराशी उभी राहिले. त्या मुलीचा फोन पुन्हा कधीच आला नाही. आम्ही केला तर ‘कंपनीकडून फीडबॅक यायचा आहे’ आणि पुढे पुढे तर नुसतीच वाजणारी घंटा.

मग बायोडेटा. तो लिहायचे मी आपण होऊन अंगावर घेतले. इंग्रजी ह्यांचे, रचना माझी. चार पाने झाली. पहिल्या पानावर बालपणापासूनची जिद्द होती, दुसऱ्यावर एका रात्री बिघडलेला माल पकडल्याचा प्रसंग इतका रंगला होता, की वाचताना माझाच गळा दाटून आला. एका कन्सल्टंटाने तो दोन ओळींच्या निरोपासह परत पाठवला: दोन पाने करा, आणि जाहिरातीतले शब्द जसेच्या तसे घाला, पुष्कळ कंपन्यांत अर्ज आधी संगणक चाळतो आणि तो शब्द जुळवून बघतो. एकच शब्द दोनदा आला की निबंधाचे गुण कापत आलेली मी! त्या रात्री एकाच पानावर एकच शब्द पाच वेळा लिहिताना माझा हात अडखळत होता.

सर्वांत मोठी चूक मात्र पुढची. जितके मध्यस्थ जास्त तितके बरे, अशा हिशेबाने आम्ही तो बायोडेटा मिळेल त्या कन्सल्टंटाला पाठवला. ऑगस्टात रांजणगावच्या एका कारखान्यातली अगदी ह्यांच्यासाठीच बेतलेली जागा निघाली. आणि तिथून निरोप आला, की तुमचे नाव दोन कन्सल्टंटांकडून आले आहे, तेव्हा आम्ही ते विचारात घेणार नाही. आम्हांला काही उलगडेना. एखाद्या मुलाला दोन ठिकाणांहून सांगून आले, म्हणून कोणी त्याला नापसंत करते का?

उलगडा केला तो माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने. बी. ए. ला मराठीच घेतलेली ही मुलगी आता पुण्यात ह्याच व्यवसायात आहे, हे मला एका लग्नात कळले. मी तिला घरी चहाला बोलावले. तिने सरळ हिशेब मांडला. उमेदवार रुजू झाला, की कंपनी कन्सल्टंटाला त्याच्या वर्षाच्या पगाराच्या साधारण ८.३३ टक्के देते, म्हणजे बारावा हिस्सा, एका महिन्याचा पगार. रुजू झाला तरच. नाही तर सगळी मेहनत फुकट. आणि पहिल्या तीन महिन्यांत तो सोडून गेला, तर बहुधा बदली माणूस विनामोबदला शोधून द्यावा लागतो. एकच नाव दोघांकडून आले, की ती रक्कम कुणाची ह्यावर भांडण होते, आणि भांडण नको म्हणून पुष्कळ कंपन्या ते नावच बाजूला ठेवतात. ‘फार मोठ्या पदांसाठी निराळी पद्धत असते, मॅडम. तिथं वर्षाच्या पगाराचा तिसरा हिस्सा ठरतो, आणि त्यातला काही शोध सुरू करतानाच मिळतो.’ म्हणजे आमचे मुंडके त्या भावाचे नव्हते.

‘पण साधा नकार तरी कळवावा की नाही तुम्ही?’ मी विचारले.

ती जरा ओशाळली. ‘कळवायला हवा. पण मॅडम, नकार कळवायचे पैसे मिळत नाहीत. आणि एक सांगू? आम्ही माणसासाठी नोकरी शोधत नाही. नोकरीसाठी माणूस शोधतो.’

वाक्य अगदी साधे. नुसते शब्द फिरवलेले. पण ते मला आधी कुणी सांगितले असते, तर तीन महिने आम्ही त्या बंगळूरच्या मुलीला मनातल्या मनात बोल लावत बसलो नसतो. ती आमची कधी नव्हतीच. ती कंपनीची होती.

त्या दिवसापासून ह्यांनी जुन्या फुलस्केप वहीत रकाने आखले. तारीख, कन्सल्टंट, कंपनीचे नाव, बायोडेटा कुणामार्फत गेला, पुढचा फोन कधी करायचा. कंपनीचे नाव कळल्याशिवाय आणि आपण लेखी हो म्हटल्याशिवाय बायोडेटा पुढे पाठवू नये, असे ते प्रत्येकाला आधीच सांगू लागले. पगाराचा आकडाही एकदाच ठरवून खरा सांगायचा. पगाराच्या पावत्या आणि फॉर्म १६ पुढे मागतातच, आणि फुगवलेला आकडा तिथे उघडा पडतो. एकवीस वर्षे कारखान्यातले दोष नोंदवलेला माणूस तो. वही हातात आल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जरा रंग आला. बस यायच्या वेळी ते गॅलरीऐवजी टेबलाशी दिसू लागले.

मी मात्र सुधारले नव्हते. ऑक्टोबरात त्या विद्यार्थिनीकडे एका मोठ्या कंपनीची जागा आली. मला ती कळली, आणि मी तिला फोन करून ह्यांचे नाव पुढे पाठवायला सांगितले. ती म्हणाली, ‘मॅडम, त्यांना विजेच्या गाड्यांच्या बॅटरीचं काम केलेला माणूस हवाय. सरांनी ते केलेलं नाही.’

‘शिकतील ते. तू पाठव तर खरं.’

‘नाही पाठवता येणार, मॅडम. मी न बसणारं नाव पाठवलं, तर पुढच्या वेळी ते माझी बसणारी नावंही बघणार नाहीत.’

आणि मग मी ते वाक्य बोलले, जे मी वर्गात कधी बोलले नव्हते. म्हटले, ‘परीक्षेच्या वेळी तुझ्या वडिलांच्या आजारपणात मी तुझ्यासाठी काय काय केलं होतं, आठवतं ना?’ पलीकडे ती काही क्षण गप्प होती. मग म्हणाली, ‘आठवतं, मॅडम.’ तरी तिने नाव पाठवले नाही. दिवाळीचा तिचा निरोप आला, त्याला मी उत्तर दिले नाही. ह्यांना हे सांगितले, तर ते माझ्यावरच चिडले. ‘मी इतकी वर्षं नापास माल परत पाठवत आलो. पोरीनं तेच केलं. त्यात तिचं चुकलं काय?’ स्वतःला नापास माल म्हणताना त्यांचा आवाज जराही हलला नाही. माझाच जीव हलला.

त्यातच डिसेंबरात आखातातल्या एका नोकरीचे पत्र आले. पगार दुप्पट, घर मोफत. फक्त कागदपत्रांसाठी पंचेचाळीस हजार रुपये अनामत भरायची, परत मिळणारी. कॅनडात जाऊन बसलेले चुलत भाऊ, फुकट घर, असे विचार मनात येऊ लागतात अशा वेळी. माझ्या तर आलेच. सासूबाई पलीकडे शेंगा सोलत होत्या. त्यांनी विचारले, ‘नोकरी देणारा पैसे मागतोय? मग तो जॉबर असेल.’

हा शब्द आमच्या घरात जुना आहे. माझे आजेसासरे संगमेश्वराकडून मुंबईला येऊन लालबागच्या एका गिरणीत लागले. गिरणीत माणसे भरायचे काम तेव्हा जॉबरकडे असे. कामाला लावणे त्याच्या हाती आणि काढणेही. व्याजाने पैसेही पुष्कळदा तोच देई. नोकरीसाठी त्याला दस्तुरी द्यावी लागे. आजेसासऱ्यांनी ती पहिल्या चार पगारांतून फेडली होती. कामगारांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या शाही आयोगाने १९३१ च्या अहवालात ह्या पद्धतीवर टीका केली, आणि १९३५ साली मुंबईच्या गिरणीमालक संघाने निदान बदली कामगारांची भरती जॉबरच्या मर्जीतून काढण्यासाठी नोंदणीची पद्धत सुरू केली. पुढच्या पिढीत माझे वडील साताऱ्याच्या रोजगार विनिमय केंद्रात कार्ड काढून बसले. तिथे दस्तुरी नव्हती. १९५९ च्या कायद्याने मोठ्या कारखान्यांना रिकाम्या जागा केंद्राला कळवण्याचे बंधन घातले होते; मात्र केंद्राने पाठवलेला माणूस घ्यायचे बंधन नव्हते. वडिलांना कार्ड जपून ठेवायची सवय लागली, नोकरी मात्र त्यांच्या मामांनी लावली. जॉबर कामगाराचे पैसे खाऊनही मालकाचाच असे. आजचा कन्सल्टंट निदान ज्याचे घेतो त्याचा तरी असतो.

तेव्हा अनामत भरली नाही. परदेशी नोकरी लावणाऱ्याला १९८३ च्या कायद्याने सरकारी परवाना लागतो, तो ह्यांनी पत्र पाठवून विचारला. उत्तर आले नाही.

नोकरी लागली ती फेब्रुवारीत. ना माझ्या विद्यार्थिनीकडून, ना बंगळूरहून. चेन्नईच्या एका गृहस्थांकडून, ज्यांना आम्ही अजून पाहिलेले नाही. सप्टेंबरात त्यांनी गुजरातेतली जागा सुचवली होती, आणि ह्यांनी मुलीच्या बारावीचे कारण सांगून दोन ओळींत नम्र नकार कळवला होता. पाच महिन्यांनी त्यांच्याकडे सुप्याच्या एका कारखान्याची जागा आली, तेव्हा त्यांना तो नकार आठवला. नकार कळवणारे उमेदवारही थोडेच असतात म्हणे. पगार पूर्वीपेक्षा जवळजवळ चतुर्थांश कमी. त्या रात्री आम्ही दोघे वहीच्या शेवटच्या पानावर घरखर्च मांडत बसलो. हप्ते बसत होते, मुलीचे कॉलेज बसत होते, नव्या गाडीवर काट मारली. हे म्हणाले, ‘सोमवारपासून जातो.’

मी विद्यार्थिनीला फोन केला. क्षमा मागायची असे ठरवून केला होता, पण शब्द जमेनात. ज्या विषयावर आयुष्य काढले त्याने ऐनवेळी दगा दिला. शेवटी एवढेच म्हटले, ‘चहाला ये.’ ती आली. येताना सरांसाठी वही घेऊन आली, नवी, रकाने आखलेली.

परवा मी चकल्या तळत होते, तेव्हा चेन्नईच्या त्या गृहस्थांचा फोन आला. वाळूजच्या एका कारखान्याला गुणवत्ता विभागात माणूस हवा होता. ओळखीचे कुणी आहे का? ह्यांनी वही उघडली. जुन्या कारखान्यातले दोघे अजून घरीच आहेत. दोघांची नावे, वये, कामे हे सावकाश सांगत होते. एकाला बॅटरीचे काम येते, दुसऱ्याला येत नाही, हेही सांगितले. आधी त्या दोघांना विचारतो आणि मग त्यांचे नंबर देतो, असे म्हणून त्यांनी फोन ठेवला.

सासूबाई झारा हातात धरून ऐकत होत्या. म्हणाल्या, ‘ह्यात तुला किती मिळणार?’

‘काही नाही, आई.’

‘मग बरं,’ म्हणून त्यांनी त्याच्या ताटलीत एक गरम चकली टाकली.