मातृभाषेचा रकाना

मृगाच्या पहिल्या सरींबरोबर आमच्या गावोगावच्या शाळा भरू लागतात आणि त्याच दिवसांत घरोघरी एक लहानसा छापील कागद भरला जातो. त्यास प्रवेश-अर्ज म्हणतात. मुलाचे नाव, बापाचे नाव, जन्मतारीख, जात, पत्ता असे रकाने त्यात असतात आणि त्यांच्याच रांगेत, डोळ्यांना सहज चुकवील असा, 'मातृभाषा' नावाचा एक रकाना असतो. सीमाभागातील मराठी पालकांना आज आम्ही जे सांगणार आहोत ते प्रामुख्याने या एका रकान्याविषयी आहे. मोर्चे, ठराव आणि न्यायालयातील दावे यांविषयी या स्तंभातून आम्ही पुष्कळ लिहिले आहे व पुढेही लिहू. परंतु जो लढा स्वतःच्या घरातील दिव्याखाली, एका पेनाने आणि दोन मिनिटांत लढावयाचा असतो, त्याची आठवण आम्हांला क्वचितच होते.

गेल्या पंधरवड्यात एक माउली आमच्या कचेरीत आली. बेळगावच्या पूर्वेकडील एका खेड्यातली, शेतमजुरी करणारी. तिचा धाकटा मुलगा गतवर्षी पहिलीत गेला. शाळा दुभाषी, म्हणजे एकाच आवारात कानडी वर्ग आणि मराठी वर्ग. मुलगा मराठी वर्गात बसतो, मराठी पुस्तक वाचतो. पण तिच्या भाच्याने शाळेतून आणलेला उतारा वाचला तेव्हा मातृभाषेच्या रकान्यात 'कन्नड' असे लिहिलेले आढळले. अर्ज कानडीत छापलेला होता, तो शाळेतील कोणी तरी भरून दिला, आणि "इथे सही करा बाई" म्हणताच या बाईने सही केली. लिहिणाऱ्याचा हेतू दुष्ट होता असे आम्ही म्हणत नाही. ओळीने पन्नास अर्ज भरताना मागच्या अर्जातला शब्द पुढच्या अर्जात उतरणे ही साधी गोष्ट आहे. तथापि परिणाम हेतूकडे पाहून ठरत नाही. त्या शाळेच्या दप्तरात आज मराठी मुलांची संख्या प्रत्यक्षाहून एकाने कमी आहे. अशी किती घरे असतील, याचा विचार वाचकांनीच करावा.

एका मुलाने काय बिघडते, असे कोणी म्हणेल. त्यास उत्तर कायद्याच्या भाषेतच दिले पाहिजे. १९४९ साली प्रांतांच्या शिक्षणमंत्र्यांची परिषद भरली होती. अल्पसंख्य भाषेच्या मुलांना प्राथमिक शिक्षण त्यांच्या मातृभाषेतून मिळावे, आणि सबंध शाळेत अशी ४० मुले किंवा एका वर्गात १० मुले असल्यास त्यांच्यासाठी निदान एक शिक्षक नेमला जावा, असा ठराव तीत झाला. १९५६ साली राज्यपुनर्रचनेच्या वेळी केंद्र सरकारने भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणाचे जे निवेदन प्रसिद्ध केले, त्यात या ठरावाचा आधार घेतलेला आहे. आणि त्याच वर्षीच्या सातव्या घटनादुरुस्तीने ३५० अ हे कलम घटनेत आले. मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाच्या पुरेशा सोयी करण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने करावा, असे ते कलम सांगते. आता १९४९ च्या ठरावातील एक लहानसे वाक्य पाहा. मुलाची मातृभाषा कोणती, हे कोणी ठरवावयाचे? पालक जी भाषा सांगेल तीच मुलाची मातृभाषा, असे ठराव म्हणतो. तेथे मुख्याध्यापकाचा अधिकार नाही, तपासनिसाचा नाही, शेजाऱ्याचा तर नाहीच.

हीच गोष्ट पुढे सर्वोच्च न्यायालयानेही सांगितली, आणि ती आमच्याच राज्यातील प्रकरणात. कर्नाटक सरकारने १९९४ च्या एप्रिलमध्ये प्राथमिक शाळांच्या माध्यमाविषयी जे आदेश काढले होते, त्यांचा वाद वीस वर्षे चालला. ६ मे २०१४ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने निर्णय दिला की मुलाची मातृभाषा ठरविण्याचा अधिकार पालकांचा आहे, आणि प्राथमिक शिक्षणाचे माध्यम अमुकच असावे अशी सक्ती राज्याला करता येत नाही. म्हणजे बेळगाव, खानापूर, निपाणी, कारवार, बिदर येथील मराठी आईने रकान्यात जो शब्द लिहिला त्यास देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाचे पाठबळ आहे. ते पाठबळ वापरायचे की बाकावर विसरून यायचे, हे तिच्या हाती आहे.

या निर्णयाची दुसरी बाजू लपवून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. पालकाला माध्यम निवडण्याचे स्वातंत्र्य मिळाले, आणि त्या स्वातंत्र्याचा पहिला उपयोग आमच्यापैकी अनेकांनी मुलाला इंग्रजी शाळेच्या बसमध्ये बसविण्यासाठी केला! १ नोव्हेंबरला काळी फीत लावून फेरीत पुढे चालणारा गृहस्थ २ नोव्हेंबरच्या सकाळी नातवाला टाय बांधून इंग्रजी शाळेच्या फाटकाशी उभा असतो, हे दृश्य आम्ही पाहिले आहे, आणि पाहताना मान खाली घातली आहे. इंग्रजी शिकू नये असे कोण म्हणतो? पण पहिलीतल्या मुलाने बेरीज कोणत्या भाषेत समजून घ्यावी, हा प्रश्न निराळा आहे. गावातील मराठी शाळेचा पट सरकारने रिकामा केला असे म्हणावयाचे, तर त्या पटावर आपल्या घरातील नाव आहे काय, हे आधी पाहिले पाहिजे.

पट म्हणजे काय, याचाही हिशेब पालकांनी समजून घ्यावा. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात प्राथमिक शाळेतील शिक्षकांचे प्रमाण दिलेले आहे. ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० पर्यंत तीन, ९१ ते १२० पर्यंत चार. पट ६२ वरून ५९ वर आला की कागदोपत्री एक शिक्षक अधिक ठरतो, त्याची बदली होते, चार इयत्ता दोन माणसांच्या गळ्यात पडतात. मग "शिक्षकच नाहीत" म्हणून आणखी दहा पालक मुले काढून नेतात. असा हा उतरता जिना आहे. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, तेव्हा मुलास शाळेत न धाडणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड होता. त्या काळी रुपया ही मजुराला जड जाणारी रक्कम होती. आज कोणी दंड करीत नाही. वर्गाला कुलूप मात्र लागते.

आता थोडे व्यवहाराचे.

प्रवेशाच्या वेळी जन्मदाखला हाताशी नसेल तर मुलास घरी ठेवू नये. वयाचा पुरावा नाही एवढ्याच कारणाने प्रवेश नाकारता येत नाही, असे शिक्षणहक्क कायद्याचे १४ वे कलम सांगते. उशीर झाला म्हणूनही परत पाठविता येत नाही. वयाच्या मर्यादेविषयी मात्र शाळेत जाऊन खात्री करून घ्यावी. १ जून रोजी सहा वर्षे पूर्ण असावीत हा राज्याचा नियम असला, तरी २०२५-२६ या वर्षापुरती ती मर्यादा पाच वर्षे पाच महिन्यांवर आणली गेली होती; अशा सवलती वर्षावर्षाला पाहूनच ठरवाव्या लागतात. आमच्या भागातील पुष्कळ कुटुंबे ऊसतोडीसाठी, कारखान्यासाठी, लग्नसंबंधासाठी सीमेच्या इकडून तिकडे जातात. त्यांनी ध्यानात ठेवावे की राज्याच्या आत काय किंवा राज्याबाहेर काय, मुलाला शाळा बदलून मागण्याचा हक्क आहे, आणि शाळा सोडल्याचा दाखला यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश अडवून धरता येत नाही. चंदगडचे मूल बेळगावात आणि बेळगावचे मूल गडहिंग्लजला या नियमाने बसू शकते. राज्यांच्या हद्दीपेक्षा हा कायदा शहाणा आहे, असेच म्हणावे लागते.

नावाच्या लेखनाकडेही डोळ्यांत तेल घालून पाहावे. 'ज्ञानेश्वर' हे नाव आपल्याकडे इंग्रजीत 'डी' या अक्षराने सुरू होते, तर कानडी रीतीने ते 'जे'ने सुरू होते. एकाच मुलाचे नाव शाळेत एक आणि आधारपत्रावर दुसरे असे झाले, की पुढे शिष्यवृत्तीच्या वेळी वडिलांच्या चपला झिजतात. पहिलीत झालेली ही चूक दुरुस्त करण्यास साधा अर्ज पुरतो. दहावीच्या प्रमाणपत्रापर्यंत जाऊन पोहोचलेली चूक दुरुस्त करणे किती जिकिरीचे असते, ते ज्यांनी केले त्यांनाच ठाऊक.

शाळेकडून घरी येणारी सूचना केवळ कानडीत असेल आणि ती वाचता येत नसेल, तर ती कोनाड्यात टाकू नये. लस टोचण्याचा दिवस, पालकसभा, गणवेशाचे वाटप असल्याच गोष्टी त्यात असतात. ज्या जिल्ह्यात, तालुक्यात वा नगरपालिकेत एखादी अल्पसंख्य भाषा बोलणारे १५ ते २० टक्के लोक असतील, तेथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्या भाषेतही प्रसिद्ध व्हाव्यात, हे भाषिक अल्पसंख्याकांसाठी मान्य झालेल्या संरक्षणांपैकी एक आहे. तेव्हा मराठी सूचनेची मागणी करणे म्हणजे भांडण उकरून काढणे नव्हे. ती मात्र तोंडी करू नये. लेखी करावी, दोन प्रतींत करावी आणि एका प्रतीवर पोच घ्यावी. मागणीला मूर्त स्वरूप देण्याची जागाही आहे, ती म्हणजे शाळेची व्यवस्थापन समिती. कायद्याप्रमाणे तिच्या सभासदांपैकी तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. सभेच्या दिवशी आमच्या बायका उंबऱ्याआड आणि पुरुष कट्ट्यावर, असे झाल्यास मग सभेत काय ठरले याची तक्रार करण्यात अर्थ नाही.

कानडीविषयी दोन शब्द स्पष्टपणे लिहितो, कारण आमच्याच काही उत्साही मित्रांना ते रुचणार नाहीत. २०१५ च्या कर्नाटकातील कायद्याने पहिलीपासून कानडी ही पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून शिकणे अनिवार्य झाले. मूळ प्रश्नाबाबत आमचे मत सर्वश्रुत आहे. ते येथे उगाळत बसत नाही. पण मूल वर्गात बसलेच आहे तर त्याने कानडी नीट शिकावी, उत्तम शिकावी. कानडीच्या तासाला मुलाने वही उघडू नये अशी शिकवण देणारा बाप मुलाचे नुकसान करतो, आणि मराठीचे कल्याण त्याने तिळमात्र होत नाही. 'अण्णा', 'अक्का' हे शब्द आणि घरातला अडकित्ता कानडीतूनच आमच्याकडे आले, असे भाषेचे अभ्यासक सांगतात. शेजारणीचा द्वेष करून आईची सेवा होते, हे आम्हांला कधी पटलेले नाही.

परंतु दोन भाषा एकदम शिकणाऱ्या मुलाकडून ज्या चुका होतात, त्या पालकांनी ओळखाव्यात. मराठीत आपण 'एकवीस' म्हणतो, म्हणजे एक आधी आणि वीस नंतर. कानडीत 'इप्पत्तोंदु', म्हणजे वीस आधी आणि एक नंतर. मूल २१ च्या जागी १२ लिहून बसले, तर ते मठ्ठ आहे असे समजू नये. त्याच्या डोक्यात दोन रस्ते एका चौकात मिळाले आहेत. कानडीत 'ए' आणि 'ओ' यांची ऱ्हस्व व दीर्घ अशी दोन-दोन अक्षरे आहेत, मराठीत हा भेद लिहिला जात नाही. मराठीत टेबल ते, खुर्ची ती आणि पंखा तो; कानडीत निर्जीव वस्तूंना सरसकट नपुंसकलिंग. मुलगा घरी "ते खुर्ची" म्हणाला म्हणून हसू नये. शांतपणे "ती खुर्ची" म्हणावे आणि पुढे चालू लागावे. पाढे मात्र घरी मराठीत, मोठ्याने आणि रोज म्हणवून घ्यावेत. ज्या भाषेत पाढे पाठ होतात त्या भाषेत माणूस जन्मभर हिशेब करतो. रात्री जेवणानंतर पाव तास मराठी पुस्तक वाचून घ्यावे. आईला वाचता येत नसेल तर मुलाने वाचावे आणि आईने ऐकावे. ऐकणारी आई ही शिकवणीच्या मास्तरापेक्षा कमी प्रतीची नसते.

आमच्याकडे आलेल्या त्या बाईला आम्ही अर्ज लिहून दिला. त्यात फार काही नव्हते: मी अमुक, माझा मुलगा अमुक वर्गात, माझ्या घराची भाषा मराठी आहे, दप्तरातील नोंद त्याप्रमाणे दुरुस्त करावी. खाली तिने स्वतःच्या हाताने, एकेक अक्षर कोरीत, मराठीत सही केली. मुख्याध्यापकांनी अर्ज ठेवून घेतला आणि पोच दिली, हे त्यांच्या सभ्यतेस शोभणारेच आहे. रकाना अद्याप दुरुस्त व्हावयाचा आहे. पुढच्या सोमवारी ती पुन्हा शाळेत जाणार आहे, आणि तिच्या वाडीतील आणखी तीन घरांनी आपापले उतारे मागविले आहेत.