मल्चिंगचा पेपर ढोलासारखा ताणू नका



गेल्या उन्हाळ्यात 30 गुंठे टोमॅटोला 25 मायक्रॉनचा सिल्व्हर-ब्लॅक पेपर टाकला. ऐन दुपारचं काम. गड्यांना मीच म्हणत होतो, "ओढा अजून, ढोलासारखा वाजला पाहिजे." बांधावरून बघताना लई भारी दिसत होतं. पंधरा दिवसांत रोपाच्या होलापासून पेपर लांबीने फाटायला लागला. एका होलाची चीर पुढच्या होलाला जाऊन मिळाली. चिरेतून गवत वर आलं, खुरपणीचा खर्च परत बसला. मी तडक दुकानदाराशी भांडून आलो.

पुतण्या प्लास्टिकच्या कारखान्यात कामाला आहे. तो म्हणाला, "काका, पेपर कारखान्यात एकदा ओढलेलाच असतो. तुम्ही परत ओढला."

त्याने सांगितलं ते माझ्या भाषेत सांगतो. पॉलिथीन म्हणजे लांबच लांब रेणूंचा गुंता. कारखान्यात दोन जातींचं पॉलिथीन मिसळून, वितळवून त्याचा फुगा करतात आणि वर ओढतात. ओढलं की रेणू ओढीच्या दिशेला आडवे होतात, पेंढी बांधताना काड्या एका अंगाला लागतात तसे. गरम असताना त्यातले बरेच परत गुंत्यात जातात, पण थंड झाल्यावर राहिले ते तसेच राहतात. मिश्रणातल्या एका जातीच्या रेणूंना लांब फांद्या असतात, ते सावकाश सैलावतात. म्हणून मिश्रण आणि ओढ यांचा मेळ चुकला की 25 मायक्रॉनचाच एक पेपर टिकतो, दुसरा उभा चिरतो.

खरं वाटत नसेल तर टोमॅटो बांधायची प्लास्टिकची सुतळी घ्या. ती मुद्दाम कित्येक पट ओढलेली असते. तोडायला गेलं तर हात कापतो, पण नखाने उभी सहज चिरते. काडेपेटीची धग जरा लांबून दाखवा, आखडून गोळा होते. रेणू परत गुंत्यात गेले. सुतळीला हा गुण चांगला, पेपरला मात्र घातक.

आता शेतातली गोष्ट. उन्हात पेपर मऊ पडतो, लांब होतो. 100 मीटरच्या बेडवर पेपरच्या तापमानात 30 अंशांचा फरक पडला तर लांबीत साधारण अर्ध्या मीटरचा फरक पडू शकतो. दुपारी ताठ ओढून दोन्ही टोकं मातीत गाडली, की रात्री आखडायला जागाच राहत नाही. सगळा ताण होलाच्या कडेवर येतो. आणि ज्या ताठपणासाठी आपण जोर लावतो, तो तसाही टिकत नाही. रेणू हळूहळू सरकतात, ताण उतरतो. मागे राहतो तो पातळ झालेला, एका दिशेला कमजोर पेपर.

काही जण म्हणतील, ढिला ठेवला तर वाऱ्याने फडफडतो. बरोबर आहे. पण फडफड थांबते ती कडेला नीट माती लावल्याने, ओढल्याने नाही. पेपर बेडला टेकला पाहिजे, एवढंच.

माझं मत स्पष्ट आहे. आपण फक्त मायक्रॉन आणि भाव विचारतो, ते पुरेसं नाही. दुकानात वीतभर तुकडा मागा. उभी आणि आडवी, बोटभर चीर देऊन दोन्हीकडून फाडून बघा. थोडा फरक प्रत्येक पेपरात असतो, पण उभा कागदासारखा सरकन फाटला तर तो घेऊ नका. अंथरायचं काम सकाळी नाहीतर ऊन उतरल्यावर करा. होल ब्लेडने अधिकच्या खुणेसारखं कापू नका, कोपऱ्यातून चीर सुरू होते. गरम ग्लासाने गोल पाडा. धगीने कडेचे रेणू सैलावतात, कड जाड होते, चीर तिथेच थांबते.

कृषी सहायक आणि कृषी पदवीधर मित्रांना विनंती, शिफारशीत मायक्रॉनसोबत हेही लिहा. फाटक्या पेपरचे तुकडे शेवटी आपल्याच मातीत राहतात, ते वेचता वेचत नाहीत.

दुकानदाराची माफी मागून आलो. या वर्षी सकाळी, हलक्या हाताने अंथरला. चार तोडे झाले, पेपर अजून अखंड आहे.