अग्निवीर परतल्यावर पायदळात कुठली जागा रिकामी होते?

अग्निपथ योजनेतील पहिल्या तुकडीची चार वर्षे २०२६च्या अखेरीपासून पूर्ण होऊ लागतील. त्यांच्यापैकी किती जण कायम होणार, याची चर्चा सगळीकडे आहे. पण बाकीचे परतल्यावर पायदळात नेमकी कुठली जागा रिकामी होते? त्यासाठी पायदळाची रचना खालून वर पाहावी लागते.

सर्वांत लहान तुकडी म्हणजे सेक्शन. साधारण दहा जवान, प्रमुख हवालदार. तीन सेक्शनची एक प्लाटून. तिचे नेतृत्व बहुतेकदा सुभेदार किंवा नायब सुभेदाराकडे असते, म्हणजे शिपायापासून बढती घेत वर आलेल्या माणसाकडे. तीन प्लाटूनची एक रायफल कंपनी. अशा चार कंपन्या, शिवाय मॉर्टर आणि रणगाडाविरोधी क्षेपणास्त्रे हाताळणारी सपोर्ट कंपनी व मुख्यालय कंपनी मिळून बटालियन होते. सुमारे ८०० जण, प्रमुख कर्नल. जवान तिलाच ‘पलटण’ म्हणतात.

खरा गोंधळ ‘रेजिमेंट’ या शब्दाने होतो. मराठा लाइट इन्फन्ट्री ही अख्खी रेजिमेंट एकत्र युद्धाला जात नाही. बेळगावच्या केंद्रात जवान घडतो आणि मग तिच्या एखाद्या बटालियनमध्ये जातो. १७६८मध्ये उभी राहिलेली ‘जंगी पलटण’ त्यांतली सर्वांत जुनी. लढाईत बटालियन असते ती ब्रिगेडच्या हाताखाली, आणि ब्रिगेडमधल्या साधारण तीन बटालियन बहुधा वेगवेगळ्या रेजिमेंटच्या असतात. नाव, परंपरा, युद्धघोष रेजिमेंटचा, हुकूम ब्रिगेडियरचा.

अग्निवीर येतो तो थेट सेक्शनमध्ये. चार वर्षांनी कमाल २५ टक्के जणांना कायम करण्याची तरतूद आहे. यामुळे लष्कराचे सरासरी वय चार-पाच वर्षांनी खाली येईल, असे सरकारने योजना जाहीर करताना सांगितले होते. उंचावरच्या चौक्यांवर तरुण पाय हवेतच, हे मान्य. पण हवालदार चार वर्षांत तयार होत नाही. आज रिकामी होणारी जागा शिपायाची असली, तरी उद्याचा हवालदार याच उरलेल्या २५ टक्क्यांतून निवडायचा आहे.

त्यात नवी भर ड्रोनची. लष्करप्रमुख जनरल उपेंद्र द्विवेदी यांनी २६ जुलै २०२५ रोजी द्रास येथे पायदळाच्या बटालियनमध्ये ड्रोन प्लाटून उभारत असल्याचे सांगितले. ड्रोन उडवायला शिकणे तुलनेने सोपे. त्याचा माग काढणाऱ्या शत्रूला चकवत तो वापरणे सरावाने येते. असा सराव झालेला जवान चौथ्या वर्षी घरी जाणार असेल, तर त्याच्या जागी येणाऱ्याला पुन्हा पहिल्यापासून शिकवावे लागेल, आणि ते काम पलटणीतल्या त्याच हवालदारांवर येईल.