महोत्सव रानभाजीचा, तणनाशक बांधावर

मृगाच्या दोन-चार सरी पडल्या की कल्याण, बदलापूर, पनवेल, पेणच्या बाजारांत नेहमीच्या भाजीवाल्यांपासून जरा हटून एक वेगळी रांग बसू लागते. ठाकर, कातकरी, वारली बायकांची. पुढ्यात प्लास्टिकचा कागद, त्यावर जांभळट-तपकिरी शेवळांच्या जुड्या, शेजारी काकडांचे हिरवे वाटे, फोडशीच्या पेंड्या आणि टाकळ्याचा ढीग. बऱ्याच जणी पहाटेच्या कर्जत-कसारा लोकलने माल घेऊन येतात आणि उन्हं वर यायच्या आत तो संपवून परतीची गाडी धरतात. पोलीस किंवा पालिकेची गाडी आली तर त्याआधीच उठतात.

या ढिगातली सगळ्यात थोड्या दिवसांची भाजी म्हणजे शेवळं. सुरणाच्या कुळातली ही वनस्पती. उन्हाळाभर कंद जमिनीखाली पडून असतो. पहिली ओल लागली की पानाच्या आधी फुलोरा वर येतो. आपण खातो तो हाच फुलोरा. मागून पान उघडलं की हंगाम आटोपला. सुरणासारखीच हिलाही खाज असते, कारण पेशींत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात आणि ते घशाला टोचतात. म्हणून शेवळं साफ करताना आतल्या दांड्याचा पिवळा, दाणेदार भाग काढून टाकायचा आणि भाजीत काकडांचा रस घालायचा. काकड हे रानातल्याच एका झाडाचं लहानसं आंबट फळ. ते नेमकं याच दिवसांत तयार होतं. सीकेपी आणि पाठारे प्रभूंच्या घरांत कोलंबी, सोडे किंवा खिमा घालून शेवळं करतात, शाकाहारी घरांत वालाबरोबर. नवखं गिऱ्हाईक नुसतीच जुडी उचलू लागलं तर विकणारी बाई आधी विचारते, “ताई, काकडं घेतली का? नसतील घ्यायची तर शेवळं पण नको नेऊ. घसा धरंल.” हातातलं गिऱ्हाईक सोडायची तयारी ठेवून दिलेला हा सल्ला असतो, आणि त्याचे ती वेगळे पैसे लावत नाही.

खरं तर त्या कागदावरचा सगळ्यात महाग माल हाच आहे. टाकळा खायचा तो कोवळा असताना. फुलावर आला की तो चरबट होतो. भारंगीचा पाला उकडून पाणी पिळून टाकल्याशिवाय कडूपणा जात नाही. करटोलीत नराचा वेल वेगळा आणि मादीचा वेगळा, त्यामुळे फळ धरायचं तर दोन्ही रानात असावे लागतात. वेल पावसाळ्यानंतर वाळतो आणि पुढच्या वर्षी त्याच कंदातून फुटतो, म्हणून फळं तोडायची पण कंदाला हात लावायचा नाही. शेवळांचंही तसंच. सगळेच फुलोरे खुडले तर बी धरणार कशाला? त्याच पावसात त्याच कुंपणावर कळलावीही फुटते, जिचा कंद जिवावर बेतू शकतो. मोबाइलवरचा फोटो जुळवून भाजी खुडायला निघालेल्या शहरी हौशी मंडळींनी हे शेवटचं वाक्य पुन्हा एकदा वाचावं.

आता रानभाज्यांना बरे दिवस आले आहेत, असं म्हणतात. गेली काही वर्षं कृषी विभाग 9 ऑगस्टच्या, म्हणजे जागतिक आदिवासी दिनाच्या आसपास जिल्ह्याजिल्ह्यांत रानभाजी महोत्सव भरवतो. पाककृतींच्या स्पर्धा होतात, पालकमंत्री टाकळ्याची वडी चाखतात, दुसऱ्या दिवशी फोटो छापून येतो. महोत्सवाला माझा विरोध नाही. बचत गटांच्या बायकांचे चार पैसे होतात आणि शाळकरी मुलांना कुर्डू नि करटोली डोळ्यांनी दिसते, हे चांगलंच आहे. पण ऑगस्टात शेवळं केव्हाच संपलेली असतात आणि टाकळा जून झालेला असतो. सरकारी तारीख गाठायची तर रानाने थांबायला हवं, आणि रान थांबत नाही. तारखेचं एक वेळ सोडून देऊ. मोठी अडचण पुढे आहे.

रानभाजी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर घनदाट जंगल येतं. प्रत्यक्षात यातल्या पुष्कळ भाज्या शेताचा बांध, गायरान, ओढ्याची कड, गावाबाहेरचा माळ अशा जागी उगवतात. कित्येक तर चक्क शेतातलं तण आहेत. कुर्डू, घोळ, चिवळ, पाथरी, तांदुळजा, विदर्भात ज्याला तरोटा म्हणतात तो टाकळा, हे सगळं बायकांनी खुरपताना वेगळं काढून ओच्यातून घरी आणलं आणि त्या दिवशीचं कालवण झालं. खुरपणीची मजुरी आणि रात्रीची भाजी एकाच वावरातून, एकाच दिवशी मिळत होती. आता मजूर मिळत नाहीत, मिळाले तर परवडत नाहीत, म्हणून शेतकरी पाठीवर पंप घेतो आणि तणनाशक मारतो. त्याला दोष देणं सोपं आहे, पण त्याचा हिशेबही खोटा नाही. विदर्भात तर बेकायदा तणनाशक-सहनशील कापसाच्या बियाण्याबरोबर ग्लायफोसेटचा वापरही पसरला. पण पिकाच्या ओळींपर्यंत एक वेळ समजू शकतो. बांधावर पीक नाही, तरी फवारा बांधावरही जातो, कारण तो ‘स्वच्छ’ दिसला पाहिजे. आठ दिवसांत बांध करपून पिवळा पडतो. त्या मधल्या आठ दिवसांत तिथला पाला कुणी खुडला, तर तो कुणाच्या ताटात जाईल याचा कुणालाच पत्ता नसतो.

जे फवाऱ्यातून वाचतं ते प्लॉटिंगमध्ये जातं. कर्जत, मुरबाड, सुधागडच्या बाजूला कुठलाही रस्ता धरा, माळांना कंपाउंड पडलेली दिसतील. सातबाऱ्यावर अशी जमीन बहुतेकदा पोटखराबा म्हणून लिहिलेली असते, म्हणजे लागवडीला निरुपयोगी. तिथून वर्षानुवर्षं भाजी, औषध, सरपण आणि चारा नेणाऱ्या बाईचं नाव कुठल्याच उताऱ्यावर नसतं. जंगलापुरता 2006 चा वनहक्क कायदा तिच्या बाजूने आहे. कंद-मुळं, औषधी वनस्पती अशा गौण वनोपजावर तो गावाचा हक्क मानतो, आणि गडचिरोलीच्या मेंढा-लेखाने असा सामूहिक हक्क 2009 मध्ये मिळवून दाखवला. पण खासगी माळावर, विकल्या गेलेल्या बांधावर या कायद्याचा उपयोग नाही.

आपल्याकडे ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही, अशी रीत आहे. न नांगरलेल्या जमिनीतही माणसाचं एक जेवण भागतं, याची वर्षातून एकदा उजळणी करायला लावणारी. आज ऋषीच्या भाजीचं तयार पाकीट मिळतं. त्यातला माठ, भेंडी, मका, पडवळ सगळं शेतात रीतसर पिकवलेलं असतं. रीत उरली आणि जमीन गेली. रानभाजी महोत्सवाचंही हेच होणार, जर ताटाचं कौतुक करताना बांधाकडे पाहिलं नाही तर.

म्हणून मागण्या मोठ्या नाहीत. कृषी विभागाने महोत्सवाच्या मांडवातच बांध न फवारण्याची मोहीम सुरू करावी. पाककृतीला बक्षीस देतो तसं, बांध जपणाऱ्या शेतकऱ्यालाही द्यावं. ग्रामसभांनी गायरानाचा एक तुकडा भाजीसाठी राखून ठेवावा. पालिकांनी जून-जुलैत या बायकांना स्टेशनबाहेर बसायला हक्काची जागा द्यावी. त्यांचा हंगामच मुळी एवढा आहे. आणि वाचकहो, तुमच्या-माझ्याकडूनही एवढं व्हावं: त्या कागदासमोर उभं राहून दहा रुपयांसाठी घासाघीस करू नका, भाजी कशी करायची ते तिलाच विचारा, आणि गावाकडे जमीन असेल तर या पावसाळ्यात निदान एक बांध फवाऱ्याविना सोडा.