हळदीचा टक्का आणि प्रकाशाची साक्ष

उत्तनसारख्या गांवीं ईस्ट इंडियन घरांत उन्हाळ्यांत बाटली मसाला होतो, तेव्हां हळद रंगावरून पारखतात. घरच्या वापरास तेवढी पारख पुरते. परंतु हळदीचें सत्त्व काढणारे खरेदीदार तींतील कुर्क्युमिनचा टक्का विचारतात, व त्यावर भाव ठरवितात. हा आंकडा कसा निघतो, हें माल पिकविणारास ठाऊक असणें आम्हांस अवश्य वाटतें.

हळदीचा मद्यार्कांत काढलेला अर्क वर्णपटमापक यंत्रांत ठेवितात. कुर्क्युमिन सुमारें ४२५ नॅनोमीटर लांबीच्या प्रकाशलहरी सर्वांत अधिक शोषितें. शोषण जितकें अधिक, तितका टक्का अधिक धरितात. ही रीत स्वस्त व जलद आहे, यांत शंका नाहीं. परंतु हळदींत कुर्क्युमिनचीं दोन भावंडें असतात, तींही जवळजवळ त्याच जागीं प्रकाश शोषितात. यंत्र तिघांची बेरीज सांगतें, आणि कागदावर नांव चढतें एकाचें. इतकेंच नव्हे, तर मेटॅनिल यलो हा खाद्यांत निषिद्ध असलेला रंगही त्याच पट्ट्यांत प्रकाश शोषितो. अशानें भेसळीची हळद उंची व प्रामाणिक शेतकऱ्याची हलकी ठरावयाची!

केवळ क्षेत्रावरून जमिनीची ओळख पटत नाहीं. चाळीस गुंठ्यांचे तुकडे गांवांत अनेक असतात. गट नंबर, चतुःसीमा व नकाशा यांचा मेळ बसावा लागतो. द्रव्याचेंही तसेंच आहे. अर्कांतील घटक आधीं एकमेकांपासून वेगळे करावे, मग प्रत्येकाचा वर्णपट व रेणुभार पाहावा. कुर्क्युमिनचा रेणुभार ३६८, भावंडांचे ३३८ व ३०८. येथें तिघांची गल्लत होत नाहीं. कुर्क्युमिन १८१५ सालीं हळदींतून वेगळें काढिलें गेलें, पण त्याची रचना १९१० सालीं ठरली. ज्या ओळखीस पंचाण्णव वर्षें लागलीं, ती एका आंकड्यावर कशी सोंपवावी?

इतका खर्च कोण करणार, असें कोणी म्हणेल. आमचें म्हणणें असें कीं, नित्याच्या व्यवहारास स्वस्त रीत असूं द्यावी. मात्र दाखल्यावर रीतीचें नांव असावें, व बेरजेस ‘एकूण कुर्क्युमिनॉइड’ असेंच म्हणावें. नमुन्याचे तीन भाग मोहोरबंद करून एक शेतकऱ्यापाशीं, एक खरेदीदारापाशीं व एक संघाकडे राहावा, म्हणजे तंटा पडल्यास पुरी तपासणी करितां येईल.

वायगांवच्या हळदीस २०१६ सालीं व सांगलीच्या हळदीस २०१८ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. गांवाच्या नांवाविषयीं एवढी दक्षता, तर द्रव्याच्या नांवाविषयीं ढिलाई कां? बंधूंनीं हा प्रश्न संघाच्या पुढील सभेंत आणावा, अशी आमची विनंती आहे.